गिलावा कच्चा, व्यवहार तोंडी

आमच्या वस्त्यांमधून हिंडताना अलीकडे एक गोष्ट डोळ्यांत भरते. जुन्या घरांची डागडुजी सगळीकडे चालली आहे. कुठे टिनाची पडवी काढून स्लॅब पडतो आहे, कुठे वडिलांनी पंचवीस-तीस वर्षांपूर्वी बांधलेल्या दोन खोल्यांना नव्याने गिलावा होतो आहे. कुणी रेल्वेतून निवृत्त झालेला, कुणी एसटीतून, कुणी नगरपालिकेच्या शाळेतून. भविष्य निर्वाह निधीचे पैसे हाती आले की पहिला विचार घराचा येतो. ही समाधानाची गोष्ट आहे. ज्यांच्या आजीने गावकुसाबाहेरच्या मातीच्या भिंती शेणाने सारवल्या, त्यांचे नातू आज रंगाचे कार्ड हातात घेऊन कोणती छटा घ्यावी यावर घरात वाद घालतात. यात कुणाला खटकण्यासारखे काही नाही.

खटकते ते पुढचे. रंग वाळतो न वाळतो तोच भिंतीवर केसासारख्या भेगा उमटतात. बाबासाहेबांची तसबीर लावायला खिळा ठोकावा तर तळहाताएवढी खपली निखळून खाली येते. पहिल्या पावसात भिंतीला फुगे येतात, बोट लावले की पांढरी भुकटी गळते. लाख-दीड लाख रुपये ओतून झालेले काम वर्षाच्या आत उघडे पडते. आणि मग जी भांडणे सुरू होतात ती भिंतीपुरती राहत नाहीत. ठेकेदार म्हणतो, मिस्त्रीने काम बिघडवले. मिस्त्री म्हणतो, ठेकेदाराने सिमेंटच पुरवले नाही. घरमालक म्हणतो, दोघेही चोर. आणि या भांडणात कुठेच नसलेली रेजा, जिने सहा दिवस डोक्यावर घमेली वाहिली, ती आठवड्याच्या चुकाऱ्याला हात हलवत घरी जाते.

या चौघांपैकी निदान तिघे तरी आपल्याच समाजाचे असतात. म्हणून हा विषय घरगुती कटकट म्हणून सोडून देता येत नाही. आमचे म्हणणे साधे आहे. गिलावा बिघडला तर जाब मागितलाच पाहिजे. पण तो कारण तपासून, लेखी, आणि ज्याने ठेका घेतला त्याच्याकडे मागितला पाहिजे. मजुराची मजुरी कापून नव्हे, आणि पुट्टीखाली दोष झाकूनही नव्हे.

प्रथम आपल्या घरमालकांविषयी. काम दिले कसे जाते ते पाहा. ठेकेदार वस्तीतलाच असतो. जयंतीच्या मंडळात असतो, विहाराच्या बांधकामाला त्याने दोन दिवस फुकट दिलेले असतात. भेटल्यावर तो कडक जय भीम घालतो. मग त्याच्याशी चौकात उभ्या-उभ्या चौरस फुटाचा दर ठरतो, चहा होतो आणि निम्मे पैसे त्याच्या हातावर ठेवले जातात. कागद करू या असे कुणी म्हटले की घरातलीच वडील मंडळी डोळे वटारतात. आपल्या माणसाकडून काय लिहून घ्यायचे?

आम्हाला हा प्रश्नच उलटा वाटतो. परक्याशी व्यवहार बिघडला तर फक्त पैसे जातात. आपल्या माणसाशी बिघडला तर पैसेही जातात आणि माणूसही जातो. दोन घरांचे येणे-जाणे बंद होते. लग्नाच्या पत्रिकेतले नाव गळते, विहाराच्या बैठकीत एक या कोपऱ्यात आणि दुसरा त्या कोपऱ्यात बसतो. कागद हवा तो आपल्या माणसाशीच. लिहिता-वाचता येण्यासाठी या समाजाने काय सोसले हे आमच्या वाचकांना सांगायला नको. त्या समाजाने दीड लाखाचा व्यवहार तोंडी करावा हे आम्हाला पटत नाही.

आता भिंतीकडे येऊ. दोष कुणाचा हे ठरवण्याआधी दोष कोणता आहे हे कळले पाहिजे. ते कळायला अभियंता असण्याची गरज नाही. एक खडू आणि एक लाकडी दांडका पुरतो. दांडक्याने भिंत हलके ठोकत जावे. गिलावा विटेला घट्ट धरून असेल तर आवाज टणक येतो, सुटला असेल तर पोकळ, बद्द येतो. बद्द आवाज येईल तिथे खडूने गोल काढावा. मग तळहात भिंतीवर घासून पाहावा. हाताला वाळूचे कण लागत असतील, नखाने रेघ ओढली तर चर पडत असेल, तर माल कच्चा आहे किंवा भिंतीला पाणी मिळालेले नाही. तिसरी तपासणी पट्टीची. दोन मीटरची सरळ पट्टी भिंतीला टेकवावी. पट्टीखाली चार मिलिमीटरहून अधिक फट दिसली तर सरकारी कामात ती भिंत सरळ धरत नाहीत. आपण का धरावी?

भेगाही सगळ्या सारख्या नसतात. नकाशासारखी बारीक जाळी असेल तर दोष बहुधा शेवटच्या हाताचा असतो. गिलावा लवकर आवळावा म्हणून वर कोरड्या सिमेंटची भुकटी मारून गुळगुळीत घोटतात. दिसायला छान दिसते, पण वरची सिमेंटची साय आकसते आणि तडकते. सरळ उभी किंवा आडवी एकच भेग विजेच्या नळीच्या मार्गाने जात असेल, तर खाच नीट न भरता वरून गिलावा ओढला असे समजावे. कॉलम किंवा बीम आणि वीट जिथे मिळतात तिथेच रेघ पडली असेल, तर त्या सांध्यावर तारेची बारीक जाळी, जिला मिस्त्री चिकनमेश म्हणतात, ती मारलेली नाही. काँक्रीट आणि वीट उन्हाने सारखे ताणत नाहीत, म्हणून सांधा फाटतो. जाळीला लागणारा खर्च किती? एका खोलीला चहापाण्याइतका. तोच वाचवला जातो.

खपल्या निघण्याचे कारण डागडुजीच्या घरांत जवळजवळ ठरलेले आहे. जुन्या भिंतीवर चुन्याचे, डिस्टेंपरचे, तेलरंगाचे थर असतात. ते खरवडून, जुना गिलावा काढून, विटांचे सांधे अर्धा इंच कोरून, भिंत झाडून आणि भिजवून मग नवा थर द्यायचा असतो. काँक्रीटला टाचे मारून ते खडबडीत करायचे असते. हे काम धुळीचे आहे, वेळखाऊ आहे आणि शेवटी डोळ्यांना दिसत नाही. म्हणून ते टाळले जाते. रंगावर गिलावा चिकटत नाही, तो नुसता टेकून राहतो. कोरडी वीट मालातले पाणी शोषून घेते आणि सिमेंटला आवळायला पाणीच उरत नाही. पुढे खिळ्याचा एक ठोका पुरतो.

मालाचे गणितही घरातल्या एकाला तरी ठाऊक असावे. आतल्या भिंतीला साधारण १२ मिलिमीटर जाडीचा गिलावा, एकाला सहा या प्रमाणात. बाहेरच्या भिंतीला दोन थरांत मिळून २० मिलिमीटर, आणि तिथे माल अधिक भरीव, एकाला चार. आतल्या गिलाव्याला १०० चौरस फुटाला सिमेंट लागते सुमारे पाऊण पोते. म्हणजे १,००० चौरस फूट भिंत झाली आणि पोती सात-आठ संपली, तर हिशेब जुळतो. चारच संपली असतील तर उरलेले सिमेंट त्या भिंतीत गेलेच नाही, हे कळायला पदवी लागत नाही. रिकामी पोती अंगणात रचून ठेवायला सांगा. आमच्या आयाबायांनी स्वस्त धान्याच्या दुकानात मापातली चोरी पकडली आहे. त्यांच्या पुढ्यात सिमेंटची पोती मोजणे काय अवघड?

रेतीचेही तसेच. कन्हानची रेती असो की आणखी कुठली, ती धुतलेली आणि चाळलेली हवी. काचेच्या बाटलीत निम्मी रेती आणि वर पाणी घालून चांगले हलवावे आणि दोन-तीन तास ठेवून द्यावे. खाली रेती बसते, तिच्यावर गाळाचा थर बसतो. गाळ रेतीच्या बाराव्या हिश्शाहून जास्त दिसला तर ती रेती परत पाठवावी. कोकणात आणि मुंबईकडे खाडीच्या वाळूची वेगळी पीडा आहे. तिच्यातला खार पुढे भिंतीवर फुलतो. हल्ली नदीची रेती महाग म्हणून खडी केंद्रावरची भुकटी मिसळतात. गिलाव्यासाठी मुद्दाम दळून धुतलेली कृत्रिम वाळू वेगळी आणि खडीखालचा दगडी पीठ-कचरा वेगळा. ठेकेदाराला हा फरक माहीत असतो. घरमालकाला नसतो.

आणखी एक गोष्ट, जी सगळ्यांच्या डोळ्यांदेखत होते आणि कुणी बोलत नाही. पाणी घातलेला माल दोन तासांत भिंतीवर गेला पाहिजे. जेवणाच्या सुटीआधी कालवलेला माल सुटीनंतर ताठरतो. मग त्यावर पुन्हा पाणी शिंपडून तो मऊ करतात आणि लावतात. तो माल मेलेला असतो.

इथवर दोष ठेकेदाराचा किंवा मिस्त्रीचा. पण सगळे खापर त्यांच्या डोक्यावर फोडणे हा अन्याय होईल. गिलाव्याला किमान सात दिवस ओल लागते. नागपूर-चंद्रपूरकडे एप्रिल-मे महिन्यांत ऊन असे की सकाळी मारलेले पाणी दहा वाजेपर्यंत उडते. तिथे दिवसातून तीन-चारदा पाणी मारावे लागते, भिंतीवर ओली पोती टांगावी लागतात. आपल्याकडे कामे काढली जातात ती नेमकी याच दिवसांत, कारण शाळांना सुटी असते आणि पुढे लग्न असते. नळाला एक दिवसाआड पाणी. टँकर सांगायचा तर घरमालक म्हणतो, कशाला? ठेका उचलताना पाणी कोण मारणार हे ठरलेले नसते. म्हणून ते कुणीच मारत नाही. भिंत तहानेने मरते आणि दोष मिस्त्रीच्या हातावर जातो.

जुना गिलावा काढायचे ज्यादा पैसे मागितले की घरमालकच म्हणतो, राहू दे, वरूनच मार. दर पाडताना तोच सांगतो की अमुक ठेकेदार यापेक्षा पाच रुपयांनी कमी घेतो. पाच रुपये कमी घेणारा ते कुठून काढणार? सिमेंटच्या पोत्यातून किंवा रेजाच्या मजुरीतून. तिसरी जागा नाही.

आणि काही भिंती अशा असतात की जिथे साक्षात विश्वकर्मा आणला तरी गिलावा टिकणार नाही. (विश्वकर्म्यावर आमचा विश्वास नाही, हे सांगायला नको.) जुन्या घरांच्या जोत्यावर ओल रोखणारा थर घातलेला नसतो. जमिनीतले पाणी विटांतून वर चढते, सोबत क्षार आणते, आणि जमिनीपासून दोन-तीन फुटांपर्यंत भिंतीला लोणा लागतो. त्यावर सिमेंटचा नवा गिलावा म्हणजे जखमेवर पावडर. ओल आत कोंडते आणि आणखी वर चढते. तसेच काळ्या मातीत उथळ पाया घेतलेल्या घरांचे. पावसाळ्यात माती फुगते, उन्हाळ्यात आकसते. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी निघालेली आणि भिंतीच्या दोन्ही बाजूंना दिसणारी भेग ही गिलाव्याची नाही, पायाची आहे. अशा भेगेवरून मिस्त्रीला शिव्या घालणे हे तापासाठी थर्मामीटर फोडण्यासारखे आहे. तिथे जाणत्या अभियंत्याला बोलवावे.

समजा तपासणी झाली आणि दोष कामाचाच निघाला. पुढे काय? पहिले पथ्य, पुट्टी लावू नये. लावली असेल तर रंग थांबवावा. सिमेंटचा गिलावा पुरता वाळायला महिनाभर तरी जातो, तेव्हा घाई करून मिळत काहीच नाही. ठेकेदार मात्र पुट्टीची घाई करतो, कारण पुट्टी झाली की पुरावा गेला. हे वाक्य आम्ही जाणूनबुजून कठोर लिहीत आहोत. सगळे ठेकेदार तसे नसतात. पण घाई करणाऱ्याला कारण विचारावे.

खडूच्या गोलांसह सगळ्या भिंतींचे फोटो काढावेत, तारीख दिसेल असे. कोणत्या खोलीत, कोणत्या भिंतीवर, किती चौरस फूट गिलावा पोकळ आहे त्याची यादी करावी. दुरुस्ती म्हणजे भेगेत बोटाने माल भरणे नव्हे. पोकळ भाग चौकोनी कापून, कडा घट्ट गिलाव्यापर्यंत नेऊन विटेपर्यंत उघडा केला पाहिजे, भिजवला पाहिजे, पुन्हा त्याच प्रमाणात भरला पाहिजे आणि सात दिवस ओला ठेवला पाहिजे. बारीक जाळीच्या भेगा, जिथे आवाज टणक आहे, त्या भरून चालतात. तिथे सगळी भिंत तोडा म्हणून अडून बसणे हा हट्ट होईल. पण तळहाताला वाळू लागणारी भिंत पूर्णच उतरवावी लागते, तिथे ठेकेदाराच्या गोड बोलण्याला भुलू नये.

मग पत्र. साध्या कागदावर, दोन प्रती. काम कधी सुरू झाले, दर काय ठरला, किती पैसे दिले, दोष काय आहेत, आणि पंधरा दिवसांत स्वखर्चाने दुरुस्त करून द्यावे. एक प्रत स्पीड पोस्टाने, फोटो मोबाईलवर. भाषा सभ्य असावी. शिवी लिहिली की आपली बाजू कच्ची होते.

आता मजुरीविषयी. आमच्या लेखी सगळ्यात गंभीर मुद्दा हाच आहे. काम बिघडले की घरमालक ठेकेदाराचे पैसे अडवतो. ते त्याने अडवावेत, तो त्याचा हक्क आहे. पण ठेकेदार तोच धोंडा खाली ढकलतो. मालकाने पैसे दिले नाहीत, मी कुठून देऊ, असे रेजा आणि बिगाऱ्याला सांगतो. सिमेंट किती घालायचे हे रेजाने ठरवले नव्हते. जुना रंग खरवडायचा नाही हे बिगाऱ्याने ठरवले नव्हते. मग भिंतीची शिक्षा त्यांच्या चुलीला का? दिल्लीच्या एशियाडच्या बांधकामांवरील मजुरांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८२ साली निर्वाळा दिला की किमान वेतनाहून कमी मजुरीवर काम करून घेणे ही राज्यघटनेच्या अनुच्छेद २३ ने मना केलेली वेठबिगारी आहे. आणि तो अनुच्छेद नुसत्या सरकारवर नव्हे, खासगी माणसावरही बंधनकारक आहे. पाटलाच्या वाड्यावर बिनमोल राबलेल्या बापजाद्यांच्या वारसांनी आपल्या घराच्या भिंतीसाठी एका बाईला आठवडाभर फुकट राबवावे काय? पैसे अडवायचे तर ठेकेदाराच्या नफ्यातले अडवा. मजुरांचा आठवड्याचा चुकारा आपल्या डोळ्यांसमोर झाला पाहिजे, ही अट कागदातच घाला.

रेजाचा विषय निघालाच आहे तर एक विचारतो. वीस-वीस वर्षे बांधकामावर काढलेल्या किती बायांच्या हातात आपण थापी पाहिली? माल कालवायचा त्यांनी, वाहायचा त्यांनी, भिंतीला पाणी मारायचे त्यांनी. माल कच्चा आहे की पक्का हे त्यांना घमेल्याच्या वजनावरून कळते. तरी मुलगा दोन वर्षांत बिगाऱ्याचा मिस्त्री होतो आणि ती रेजाच राहते. आपल्याच वस्तीतल्या ठेकेदारांनी तरी याचा विचार करावा.

कागद कसा असावा, असे कुणी विचारेल. अर्धे पान पुरे. दोघांची नावे आणि पत्ते. भिंतींचे माप, आणि ते दारे-खिडक्या वजा करून की धरून, कारण अर्धी भांडणे याच मापावरून होतात. जुना गिलावा काढायचा की नाही. आतल्या-बाहेरच्या मालाचे प्रमाण आणि जाडी. जाळी कुठे मारायची. पाणी कोण मारणार आणि किती दिवस. पैसे टप्प्याटप्प्याने, सुरुवातीला निम्मे मुळीच नाहीत, झालेल्या कामाइतकेच. आणि दहा टक्के रक्कम एक पावसाळा जाईपर्यंत मागे ठेवायची. सरकार आपल्या कंत्राटदाराची अनामत ठेवून घेते ती उगाच नव्हे. मात्र पावसाळा नीट गेला की ती रक्कम न मागता द्यायची. ठेकेदारालाही त्या कागदाचा आधार मिळतो, कारण काम झाल्यावर दहा खुसपटे काढून पैसे बुडवणारे घरमालकही आपल्या वस्त्यांत कमी नाहीत.

पत्राला उत्तर आले नाही तर कायदा आहे. १९९३ साली लखनौ विकास प्राधिकरण विरुद्ध एम. के. गुप्ता या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने घरबांधणी ही ग्राहक कायद्याखालची सेवाच असल्याचे स्पष्ट केले. सध्याचा ग्राहक संरक्षण कायदा २०१९ सालचा, तो २० जुलै २०२० पासून लागू झाला. ज्याला आपण ग्राहक मंच म्हणत होतो तो आता जिल्हा ग्राहक आयोग झाला आहे. आपण राहतो त्याच जिल्ह्यात तक्रार करता येते. दिलेला मोबदला ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही. वकील लावलाच पाहिजे असे नाही, स्वतः उभे राहता येते. तक्रार दोन वर्षांच्या आत करावी लागते. आधी चौकशी करायची तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनचा क्रमांक १९१५ आहे. निकाल लगेच लागेल असे आम्ही सांगणार नाही, तारखा पडतात. पण फोटो, यादी, पत्राची पोचपावती आणि दुसऱ्या जाणकाराने दिलेला दुरुस्तीचा अंदाज जोडलेला असेल तर प्रकरण उभे राहते. बऱ्याच वेळा नोटीस गेल्यावरच ठेकेदार थापी घेऊन दारात येतो.

इथे दोन गैरसमज दूर करू. रेरा कायद्यात पाच वर्षांपर्यंत बांधकामातला दोष दुरुस्त करून देण्याची तरतूद आहे, पण ती बिल्डरने विकलेल्या नव्या घरासाठी आहे. आपण आपल्या जुन्या घराची डागडुजी केली तर रेरा तिथे येत नाही. दुसरे, मिस्त्री आणि मजूर आपणच रोजंदारीवर आणले, माल आपणच आणला, रोज काय करायचे तेही आपणच सांगितले, तर तो ठेका नव्हे, चाकरीचा करार झाला. तो ग्राहक कायद्यात बसत नाही. तिथे मालक आपणच आणि जबाबदारीही आपलीच. रोजंदारीने काम स्वस्त पडते असे म्हणणाऱ्यांनी हेही जमेस धरावे.

आयोगात जाण्याआधी एक पायरी आपल्या हाती आहे. आज आपल्या प्रत्येक मोठ्या वस्तीत पदविका किंवा पदवी घेतलेले स्थापत्य अभियंते आहेत. कुणी बांधकाम खात्यात आहे, कुणी जिल्हा परिषदेत, कुणी निवृत्त. जयंतीच्या वर्गणीत त्यांचे नाव असते, व्याख्यानाला ते पहिल्या रांगेत असतात. त्यांच्याकडून समाजाने रविवारचे दोन तास मागावेत. असा एक अभियंता, बाहेरच्या वस्तीतला एक जुना मिस्त्री आणि दोन्ही बाजूंना मान्य असलेली एक वडीलधारी बाई, असे तिघे भिंतीसमोर उभे राहिले, दांडक्याने ठोकून पाहिले आणि काय दिसले ते कागदावर लिहून सह्या केल्या, तर दहातली पाच भांडणे तिथेच मिटतील. उरलेल्या पाचांना तो कागद आयोगात उपयोगी पडेल. जातपंचायतीसारखा हुकूम सोडणारी मंडळी नकोत. दंड नको, बहिष्कार नको. फक्त पाहणी आणि तिची नोंद.

कुणी म्हणेल, आपल्याच माणसाविरुद्ध नोटीस पाठवली तर समाजात काय तोंड दाखवायचे? आम्ही विचारतो, समाजाचे पैसे पोकळ भिंतीत घालून ठेकेदार कोणते तोंड दाखवतो? आणि त्याचे काम चांगले असूनही पैसे बुडवणारा कोणते? आपलेपणा हा सवलत मागण्याचा परवाना नाही, आणि फसवणूक गिळण्याचा तर मुळीच नाही. चांगले काम करणारे आपल्याकडे पुष्कळ आहेत. त्यांचा दर दोन पैसे जास्त असतो, म्हणून त्यांना काम मिळत नाही. ते परक्या वस्तीत जाऊन बंगल्यांचे गिलावे करतात, आणि आपल्या भिंतींना मात्र सगळ्यात स्वस्त हात लागतो.

ज्यांच्या घरी सध्या काम चालू आहे आणि भिंती पुट्टीची वाट पाहत उभ्या आहेत, त्यांनी पुट्टीची पोती तशीच बांधून ठेवावीत. उद्या सकाळी मिस्त्री येण्याआधी खडू आणि दांडका घेऊन दाराच्या चौकटीपासून सुरुवात करावी. चौकटीच्या कडा आणि छताचा सांधा नीट ऐकावा, गिलावा तिथेच आधी सुटतो.